खंदकातला अंधार कसा उभा करावा

'जर्नीज एंड' हे युद्धनाटक पुन्हा रंगमंचावर आणताय? मग आधी नेपथ्यातलं छत खाली आणा. लेखक आर. सी. शेरिफ स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेले. १९२८ साली रंगमंचावर आलेलं हे नाटक मार्च १९१८मध्ये, फ्रान्समधल्या सेंट क्वेंटिनसमोरच्या खंदकातल्या एकाच भुयारी खोलीत घडतं. इंग्लंडमधल्या आमच्या हौशी प्रयोगाची प्रकाशयोजना माझ्याकडे होती. पहिल्या रंगीत तालमीत मी सगळ्यांचे चेहरे लख्ख उजळले आणि युद्धच नाहीसं झालं!

मेणबत्त्या बाटल्यांत खोचा, पण बॅटरीवरच्या. प्रत्येकीच्या आड डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) एक छोटा पिवळसर दिवा लपवा. दिवसाचा उजेड फक्त पायऱ्यांच्या तोंडातून येऊ द्या.

तोफांचा स्पीकर त्या पायऱ्यांपलीकडे ठेवा, आणि सतत वाजवू नका. शत्रूच्या खंदकावरच्या छाप्यावर निघण्याआधी वयस्क अधिकारी ऑसबर्न नव्यानेच आलेल्या कोवळ्या अधिकाऱ्याशी, रॅलेशी, साध्यासुध्या गप्पा मारतो, तिथे तर जवळजवळ शांतताच हवी. मग ऑसबर्न आपला पेटता पाइप टेबलावर ठेवून जातो. खोली रिकामी होते. त्या पाइपवर एक बारीक झोत राहू द्या, मनात दहा मोजा, मगच पुढे जा. मला विचाराल तर अख्खं नाटक त्या दहा आकड्यांत आहे.

शेवटी छत कोसळताना धूळ पुढच्या रांगेपर्यंत जाऊ देऊ नका. धूळ उडवणाऱ्या पंख्याची दिशा आधीच तपासा.