परदेशातील मिशनसेवेची तयारी नागपुरातच कशी करावी

नागपुरात ‘मिशनरी’ हा शब्द उच्चारला की बहुतेकांना हिस्लॉप कॉलेज आठवते, आणि ते नाव ज्यांच्यावरून पडले ते स्टीफन हिस्लॉप आठवतात: स्कॉटलंडहून येऊन इथे शाळा चालवणारे, दगड आणि जीवाश्म गोळा करणारे, गोंडांविषयी नोंदी लिहिणारे आणि १८६३ साली नागपूरजवळच नाला ओलांडताना बुडून मरण पावलेले गृहस्थ. मिशनरी बाहेरून इथे येतो, अशीच आपली समजूत आहे. त्यामुळे इथलाच एकोणीस वर्षांचा मुलगा मिशनरी म्हणून बाहेर निघाला आहे हे कळताच नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘पगार किती?’ असा असतो आणि दुसरा ‘मग कॉलेजचे काय?’ असा. हे दोन्ही प्रश्न ऐकून मी फिलिपिन्सला गेलो आणि दोन वर्षांनी परत आलो. तिथे गेल्यावर ठेचकाळत जे शिकलो, त्यातले पुष्कळसे घरी राहूनच शिकता आले असते, असे आज वाटते.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांच्या संघटनेचे नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात ती स्थापन केली आणि तिचे मुख्यालय आज यूटामधील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. मॉर्मन हे टोपणनाव न वापरता पूर्ण नाव वापरावे, असा आग्रह २०१८ पासून चर्चने धरला आहे. तेव्हा मी पुढे नुसते ‘चर्च’ असेच लिहितो. मिशनरी म्हणून तरुण मुले २४ महिने आणि मुली १८ महिने सेवा करतात. पूर्वी मुलांना १९ आणि मुलींना २१ वर्षांची वाट पाहावी लागे. २०१२ मध्ये ती मर्यादा अनुक्रमे १८ आणि १९ वर आणण्यात आली आणि २०२५ मध्ये मुलींसाठीही ती १८ करण्यात आली. जगभरात असे सत्तर हजारांहून अधिक मिशनरी आहेत. कुठे जायचे हे उमेदवार ठरवत नाही. अर्ज गेल्यावर चर्चच्या अध्यक्षांच्या नावाने नियुक्तिपत्र येते आणि त्यात देश, भाषा व रुजू होण्याची तारीख असते.

पगाराच्या प्रश्नाचे उत्तर साधे आहे: पगार नसतो, उलट आपणच दरमहा ठरावीक रक्कम भरायची असते. अमेरिकेतील उमेदवारासाठी ही रक्कम जुलै २०२० पासून दरमहा ५०० डॉलर आहे, परंतु ती सर्व देशांना सारखी नाही आणि ज्या घराला पूर्ण भार पेलत नाही त्याला मदत मिळण्याची सोय असते. तुमच्या शाखाध्यक्षांना, म्हणजे चर्चच्या स्थानिक प्रमुखांना, हे स्पष्ट विचारा आणि उत्तर आईवडिलांच्या समोर घ्या. मी वडिलांपासून आकडा दोन महिने लपवला, आणि त्यांना तो शेजाऱ्यांकडून कळला. पैशांपेक्षा लपवल्याचाच राग त्यांना जास्त आला.

कॉलेजच्या प्रश्नाला मात्र तयारी लागते. शैक्षणिक वर्ष अर्धवट सोडून जाऊ नका. परीक्षा द्या, निकाल हातात घ्या आणि सर्व गुणपत्रिकांच्या प्रती घरी एका फाइलमध्ये ठेवून जा. परत आल्यावर प्रवेश घेताना शिक्षणातील खंडाबद्दल प्रतिज्ञापत्र, म्हणजे सगळे ज्याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात ते, मागितले जाण्याची शक्यता असते. त्यासाठी सेवेचा कालावधी दाखवणारा कागद जपून ठेवावा. पासपोर्ट आधीच काढलेला असावा. अर्जासोबत डॉक्टर आणि दंतवैद्य या दोघांची तपासणी लागते. दातांची तपासणी लोक शेवटी ढकलतात आणि तिथेच अडकतात, कारण अक्कलदाढ काढायला सांगितली तर जखम भरेपर्यंत थांबावे लागते.

आता घरच्या तालमीकडे येतो. नियुक्तिपत्र येण्याच्या आधीच, निदान चार महिने, सकाळी साडेसहाला गजर न पुढे ढकलता उठा आणि रात्री साडेदहाला दिवा मालवा. मिशनचा दिवस साधारण याच दोन वेळांच्या मध्ये बसवलेला असतो: व्यायाम, वाचन, भाषेचा अभ्यास, नेमून दिलेल्या साथीदार मिशनरीबरोबरचा अभ्यास आणि मग घराबाहेर. मे महिन्यात कूलरसमोर दुपारी तीन तास झोपणाऱ्या नागपूरकराला ही शिस्त पहिल्या आठवड्यात जड जाते.

चहा आणि कॉफी चर्चच्या सदस्याने घ्यायची नसते. १८३३ पासूनच्या त्या आरोग्यविषयक शिकवणुकीत मद्य आणि तंबाखूही वर्ज्य आहेत. तुम्ही सदस्य असाल तर हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण नकार कसा द्यायचा हे मात्र शिकलेले नसते. इतवारीतल्या मावशीकडे चहा नाकारला तर ती रागावते, हे आपण बालपणापासून पाहतो. ‘मी चहा घेत नाही’ एवढे म्हणून थांबू नका. लगेच ‘पाणी मिळेल का?’ किंवा ‘लिंबू सरबत चालेल’ असे म्हणा, म्हणजे समोरच्या माणसाला तुमच्यासाठी काहीतरी करता येते. फिलिपिन्समधल्या प्रत्येक कॉफीच्या आग्रहाला मी हेच वाक्य वापरले.

स्वयंपाकात वरण, भात, एक रस्सा आणि अंड्याचे दोन प्रकार आलेच पाहिजेत. पोळ्यांचा हट्ट सोडा. जिथे तीन वेळा भात खातात तिथे तवा शोधत बसण्यात अर्थ नाही. सावजीचा मसाला बरोबर न्यायचा मोह प्रत्येकाला होतो. मी नेला होता. साथीदाराचे डोळे लाल झाले आणि डबा नऊ महिने तसाच राहिला. कपड्यांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. नागपूरच्या गच्चीवर पांढरा शर्ट तासाभरात वाळतो, म्हणून आपल्याला वाटते की कपडे धुणे म्हणजे धुणेच. दमट बेटावर पावसाळ्यात तोच शर्ट तिसऱ्या दिवशीही ओलसर असतो आणि कॉलरच्या आतल्या बाजूला राखाडी बुरशीचे ठिपके धरतात. कॉलर आधी साबण लावून घासायची, शर्ट उलटा करून पिळायचा, पंख्याखाली खुर्चीवर पसरायचा, आणि निदान सहा शर्ट न्यायचे. हे मला आईने सांगितले होते. मी ऐकले नव्हते.

सर्वांत अवघड भाग साथीदाराचा आहे. मिशनरी नेहमी दोघांच्या जोडीने राहतात, आणि नियम असा की साथीदार दिसेल आणि ऐकू येईल इतक्याच अंतरावर असायचे. न्हाणीघर सोडले तर एकटेपणा नाही. जोडी तुम्ही निवडत नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची वेळ येते; कधी साथीदार बदलतो, कधी गाव, कधी काहीच बदलत नाही. भावंडांशी भांडून गच्चीवर जाऊन बसण्याची सवय असलेल्याला इथे गच्चीच उरत नाही.

माझा दुसरा साथीदार पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशाचा होता, उंच, मनमोकळा, सकाळी मोठ्याने गाणारा. भात झाल्यावर भांडे भिजत घालून तो ते विसरत असे. मी ते तीन आठवडे मुकाट्याने घासले आणि चौथ्या आठवड्यात दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. रस्त्यावर लोकांसमोर प्रेमाविषयी बोलत होतो आणि खोलीत शिरताच तोंड फिरवत होतो. आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी दोघांनी एकमेकांना मनातले सांगण्याची एक ठरलेली पद्धत असते. त्यात मी शेवटी भांड्याचा विषय काढला. तो म्हणाला, “मी तुला तीनदा विचारले होते की भांडे सकाळी घासले तर चालेल का, आणि तू तिन्ही वेळा ओके म्हणालास.” हे खरे होते. आपल्याकडे ‘चालेल’ हा शब्द पुष्कळदा ‘चालणार नाही, पण तूच समजून घे’ या अर्थाने वापरला जातो आणि तो अर्थ टोंगाच्या मुलाने ओळखावा अशी माझी अपेक्षा होती. परदेशात माझ्यात काय बदलले असे कोणी विचारले तर मी हाच प्रसंग सांगतो: न चालणाऱ्या गोष्टीला ‘चालेल’ म्हणणे मी सोडले, निदान पुष्कळसे. याची तालीम आत्ताच सुरू करा. वसतिगृहात किंवा मामाकडे महिनाभर दुसऱ्या कोणाबरोबर एका खोलीत राहा, आणि जे खटकते ते त्याच दिवशी, आवाज न चढवता सांगा.

भाषेचे प्रशिक्षण हल्ली घरूनच ऑनलाइन सुरू होते आणि मग प्रशिक्षण केंद्रात पुढे चालते. माझे मनिलाला झाले. तरी खरी भाषा रस्त्यावरच येते, आणि ती चुकांमधून येते. टागालोग या तिथल्या भाषेत ‘मागान्दांग गाबी पो’ म्हणजे ‘शुभ संध्याकाळ’; त्यातला ‘पो’ हा आपल्या ‘आपण’सारखा आदराचा शब्द. पण ‘गाबी’त जोर शेवटच्या अक्षरावर दिला तर रात्र आणि पहिल्यावर दिला तर अळकुडी. मी पहिले दोन आठवडे लुझॉन बेटावरच्या एका गावात दारोदार सुंदर अळकुडीच्या शुभेच्छा देत फिरलो. एका आजीने आत जाऊन खरोखरच एक अळकुडी आणली आणि माझ्या हातावर ठेवली. त्यानंतर तो उच्चार पुन्हा चुकला नाही. मराठी माणसाला एक फायदा असतो: ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतले अंतर त्याला उपजत कळते, म्हणून आदराची भाषा लवकर जमते. तोटा असा की चुकण्याची लाज वाटते. त्यावर उपाय म्हणून इथेच एखादी नवी भाषा, तेलुगू असो वा गोंडी, बोलणाऱ्या माणसाकडे जाऊन आठवड्यातून एकदा चुकत चुकत बोला.

नकाराचीही सवय करून घ्यावी लागते. बहुतेक लोक ऐकून घेत नाहीत, आणि त्यांना तसा पूर्ण हक्क आहे. कोणी ‘नको’ म्हटले की आभार मानून निघायचे. दुसऱ्याच्या श्रद्धेवर टीका करायची नाही आणि कोणाच्या अडचणीचा फायदा घ्यायचा नाही. दीक्षाभूमीच्या शहरात वाढलेल्या मुलाला धर्म हा किती विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो हे वेगळे सांगायला नको. आठवड्यात किती लोक भेटले, या आकड्यावर स्वतःची किंमत ठरवू लागलात तर तिसऱ्या महिन्यात खचाल. आणखी एक लहानसे दुःख सांगून ठेवतो: मिशनरीने पोहायचे नसते. समुद्र कधी न पाहिलेला मी चार महिने किनाऱ्यावरच्या गावात राहिलो, पण बूट काढून घोटाभर पाण्यात उभे राहण्यापलीकडे गेलो नाही.

आता थोडे आईवडिलांसाठी. फेब्रुवारी २०१९ पूर्वी मिशनरीला आठवड्याला ईमेल आणि वर्षातून दोनदाच फोन करता येत असे. तेव्हापासून दर आठवड्याला, तयारीच्या दिवशी, फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. हा दिवस बहुधा सोमवार असतो आणि त्यातच कपडे, बाजार, केस कापणे हे सगळे उरकायचे असते. फिलिपिन्सचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तिथले सकाळचे दहा हे नागपूरचे साडेसात. वेळ ठरवून घ्या आणि ती पाळा. माझी आई पहिले सहा आठवडे “बारीक झालास रे” म्हणून रडत असे आणि मग मंगळवारी माझे कामात लक्ष लागत नसे. नंतर तिने युक्ती काढली: ती त्या आठवड्यात घरात काय बिघडले आणि कोणी दुरुस्त केले ते सांगू लागली. मोटर जळली, कूलरची खस बदलली, शेजारच्या काकूंनी वडाभात पाठवला. त्या बातम्यांनी मला जितका धीर दिला तितका उपदेशाने दिला नाही.

उदासी दोन-तीन आठवडे सरत नसेल, झोप आणि जेवण उडाले असेल, तर ती श्रद्धेची उणीव समजून दडवू नका. मिशन अध्यक्षांना सांगा आणि डॉक्टरांना भेटा. काही जण मुदतीआधी परततात. अशा मुलाच्या घरी जाऊन कारण विचारणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याला क्रिकेट खेळायला नेणारेही पाहिले आहेत. दुसऱ्या गटात राहा.

परतल्यावर स्थानिक नेत्यांकडून सेवामुक्ती मिळते आणि काळी नावपट्टी शर्टावरून उतरते. मिशनरी मुलांना ‘एल्डर’ म्हणतात; दोन वर्षे सगळे तेच म्हणत असल्याने स्वतःचे नाव ऐकून वळायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला एकटा निघालो आणि कोपऱ्यावर थांबून साथीदार मागे राहिला की काय म्हणून पाहिले. पहिला महिना प्रवेशाचे कागद, झोप आणि जुने मित्र एवढ्यावरच ठेवा. मोठे निर्णय घेऊ नका. भाषा टिकवायची असेल तर तिथल्या एखाद्या कुटुंबाशी आठवड्यातून एकदा बोला.

‘दोन वर्षांत काय केलेस?’ या प्रश्नाला भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर उत्तर सापडत नाही, आणि भाषण तर कोणालाच ऐकायचे नसते. एखादा पदार्थ करून वाढणे बरे. मी सिनिगांग केले: चिंचेचा कोळ, टोमॅटो, कांदा, मुळा आणि मासे, तेलाचा थेंबही नाही. बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या, हात धुतले आणि आईला विचारले, “याला फोडणी घालायची राहिली का?”