खाद्यात व्हिटॅमिन ई: ब्रॉयलरला ई. कोलायपासून आधार

ई. कोलाय हा कोंबड्यांना आजारी पाडणारा जिवाणू; त्याच्याशी लढायला व्हिटॅमिन ई ब्रॉयलरच्या (मांसाच्या कोंबडीच्या) प्रतिकारशक्तीला आधार देते. १ टन खाद्याला ५० टक्के व्हिटॅमिन ई पावडर २०० ग्रॅम घ्या. म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम पडते. पावडर थेट मिक्सरमध्ये टाकू नका. आधी ५ किलो मका भरड्यात हाताने सारखी कालवा, मग मिक्सरमध्ये सोडा. नाहीतर एका पोत्यात ढीगभर, दुसऱ्यात काहीच नाही.

कोलीन क्लोराईड (खाद्यात घालायचे एक पूरक) ओलावा ओढते, त्याच्यासोबत जीवनसत्त्वे साठवली की ती लवकर मरतात. दोन्ही वेगळी ठेवा. खवट वासाचे तेल वापरलेत तर ई खाद्यातच संपते. व्हिटॅमिन ए जास्त झाले तरी ई कमी शोषले जाते.

लिटर (शेडमधला तुसाचा थर) ओले, अमोनियाने डोळे चुरचुरतायत? आधी ते सुधारा. मरतूक सुरू झाली तर पशुवैद्यकांकडून शवविच्छेदन करून घ्या. जीवनसत्त्व हे औषध नव्हे.