लँडलाइनवरून फोन लागत नाही? नंबर लावताना या चुका टाळा

घरच्या लँडलाइनवरून मुलाच्या मोबाइलला फोन लावला की ‘कृपया नंबर तपासा’ असं काहीतरी ऐकू येतं. मग लाइन बिघडली असं समजून तक्रार नोंदवली जाते. लाइन ठणठणीत असते, राहिलेलं असतं ते पुढचं शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणताही मोबाइल लावताना, अगदी तो शेजारच्या खोलीत असला तरी, आधी ० दाबावंच लागतं. मोबाइलसाठी आणखी क्रमांक मोकळे व्हावेत म्हणून हा बदल झाला. आई-बाबांच्या फोनजवळच्या कागदावर सगळे मोबाइल नंबर शून्यासकट, मोठ्या आकड्यांत लिहून द्या. फोनच्या मेमरीत साठवलेले जुने नंबरही बदला, ते हमखास विसरतात.

मोबाइलवरून मोबाइलला मात्र दहा आकडे पुरतात.

खरा घोळ एसटीडी कोडचा. पुण्याचा कोड ०२० असं आपण सर्रास म्हणतो, पण तो खरं तर २० आहे. पुढचं शून्य म्हणजे फोन बाहेरगावी जातोय एवढीच एक्स्चेंजला दिलेली खूण. म्हणून परदेशातून +९१ लावल्यावर शून्य गाळायचं: +९१, मग २०, मग आठ आकडे. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर ‘+९१ (०) २०’ असं छापूच नका, वाचणारा कंसातलं शून्यही दाबतो.

नंबर बरोबर आहे का, हे मोजून कळतं. शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे भरले पाहिजेत. मुंबई २२ आणि आठ आकडे, नाशिक २५३ आणि सात, पणजी ८३२ आणि सात, सातारा २१६२ आणि सहा. कोड लांबला की नंबर आखूड होतो. जुन्या डायरीत मुंबईचा सातच आकड्यांचा नंबर सापडला आणि तो एमटीएनएलचा असेल, तर पुढे २ लावून पाहा.

मोबाइलवरून आपल्याच गावातली लँडलाइन लावतानाही कोड लागतो. पुण्यात बसून पुण्यातल्या दवाखान्याचे नुसते आठ आकडे दाबले तर फोन लागणार नाही, ०२० आधी हवंच. लँडलाइनवरून त्याच गावात लावताना कोड नको.

१८०० आणि १८६० ने सुरू होणारे ग्राहकसेवेचे नंबर सारखेच समजू नका. १८०० ला फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत, १८६० ला पडतात. ग्राहकसेवेला फोन लावून बराच वेळ थांबायची वेळ येणार असेल, तर कंपनीचा १८०० चा नंबर आहे का, ते आधी बघा. आणि आणीबाणीत ११२ लावताना पुढे शून्य किंवा कोड काहीही जोडू नका, नुसतं ११२.