अन्ननलिकेला छिद्र पडल्याची शंका येताच काय करावे

एंडोस्कोपीनंतर किंवा जोराच्या उलट्यांपाठोपाठ छातीत, मानेत वा पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ आली, तर अन्ननलिकेला छिद्र पडले असावे, अशी शंका आधी घ्यावी. हृदयविकाराचा झटका नाही ना, हे पाहण्यासाठी ईसीजी अवश्य काढावा. मात्र तो निर्दोष आला की ‘ॲसिडिटी आहे’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवू नये, कारण घोटाळा बहुधा इथेच होतो. मानेच्या तळाशी, हासळीच्या वर बोटांनी हलके दाबून पाहावे: त्वचेखाली चुरचुर जाणवली, तर तिथे हवा शिरल्याची ती खूण होय, ती नसली तरी निदान बाद होत नाही. साधा एक्स-रे सुरुवातीला फसवू शकतो, म्हणून पाण्यात विरघळणारे कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारे द्रव्य) पाजून सीटी स्कॅन करावा. एरवी तोंडाने पाण्याचा घोटही देऊ नये, नाकातून नळी अंदाजाने घालू नये, आणि शिरेतून सलाइन व प्रतिजैविके लगेच सुरू करावीत. छिद्र लहान, गळती मर्यादित आणि रुग्ण स्थिर असेल, तर एंडोस्कोपीतून बसवलेल्या क्लिपने (छिद्र मिटवणारा चिमटा) वा स्टेंटने (छिद्र आतून झाकणारी नळी) भागू शकते; अन्यथा छातीत साचलेला द्रव काढून शस्त्रक्रियेने छिद्र शिवावे लागते. २४ तास उलटल्यावर मृत्यूचा धोका बराच वाढतो, तेव्हा ही सोय नसलेल्या रुग्णालयाने उपचार सुरू ठेवूनच रुग्णाला तातडीने मोठ्या केंद्रात हलवावे.