डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी शतधौत घृत : कसे करावे, कधी लावू नये

शतधौत घृत म्हणजे पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप. पण तूप हातात घेण्याआधी आरसा घ्या. खिडकीसमोर उभे राहून उजेड चेहऱ्यावर सरळ पडू द्या. वर्तुळ जवळजवळ गायब झाले तर ती डोळ्यांखालच्या खोबणीची सावली आहे. तिथे कुठलाच लेप चालत नाही. काळेपणा तसाच राहिला तर पापणीखालची कातडी बोटाने हलकेच ताणा. रंग बदलला नाही तर तो कातडीचा डाग, निळसर-जांभळी छटा वाढली तर पातळ कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या. घृताचा खरा उपयोग याहून वेगळ्याच प्रकाराला : चोळून चोळून कोरडी, खरखरीत झालेली कातडी.

५० ग्रॅम गायीचे साजूक तूप, बिनकल्हईचे तांब्याचे ताट आणि माठातले पाणी घ्या. ताट चिंचेने घासून लख्ख करा, नाहीतर पाणी हिरवट होते. तसे झाले तर ते तूप टाकून द्यायचे. तूप वितळवू नका. दोन मोठे चमचे पाणी घालून तळव्याने दोन-तीन मिनिटे घोटा, पाणी ओता, नवे घाला. असे १०० वेळा. मोजणी हमखास चुकते, म्हणून शंभर चिंचोके वाटीत घेऊन दर धुण्याला एक बाजूला काढावा. चार-पाच तास लागतात. दोघे असाल तर आलटून पालटून घोटा. हळूहळू कणी मोडते, पिवळेपणा जातो, आणि शेवटी लोण्यासारखे पांढरेशुभ्र, जेमतेम वास उरलेले मलम हाती येते. इंदूरच्या मे महिन्यात दुपारी बसाल तर तूप तेलासारखे सुटे होईल आणि पाणी धरणार नाही. पहाटेच बसा. मिक्सरचा मोह नको, तोही तूप तापवतो.

शेवटचे पाणी दाबून पूर्ण काढा. ओल राहिली की बुरशी येते. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, कोरड्याच चमच्याने. आंबूस वास आला की फेका.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास पाहा. मग रात्री, दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढे, अनामिकेने, डोळ्याखालच्या हाडावरच. पापणीच्या केसांपर्यंत नेले तर डोळ्यांत उतरून धूसर दिसते. जाड थराने पांढरे बारीक दाणे उठू शकतात. मऊपणा आठवड्याभरात कळतो, रंगात फरक पडलाच तर दीड-दोन महिन्यांनी. लिंबू आणि उगाळलेले जायफळ मात्र इथे नकोच : आग होते, आणि आग झालेली कातडी आणखी काळवंडते.

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, मध्यरात्रीपर्यंत खाणे आणि वर मूठभर शेव असेल तर सकाळची सूज मिठाची आणि जागरणाची. तिला घृताने काय होणार? सोबत थकवा, धाप असेल तर हिमोग्लोबिन तपासा. बायकांमध्ये (गरोदरपण सोडून) १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय. सारखी खाज येत असेल तर आधी ॲलर्जीचे औषध. एकाच डोळ्याखाली अचानक सूज किंवा काळेपणा आला तर बरणी उघडूच नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.