घशात उतरणारा शेंबूड: नाक धुवा, पण पाणी उकळूनच

नाक आणि सायनस मिळून रोज साधारण लिटरभर पातळ स्राव तयार करतात; तो नकळत गिळलाही जातो. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हात, त्यात यंत्रमागाच्या कापूसधुळीत, तो घट्ट होऊन घशाला चिकटतो. मग दिवसभर खाकरणं आणि आडवं झालं की खोकला.

त्यावर उपाय नाक धुण्याचा: पाव लिटर पाणी खळखळून किमान १ मिनिट उकळा, कोमट होऊ द्या. बोअरचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात नकोच. त्यातला अमीबा, क्वचित का होईना, मेंदूपर्यंत पोचतो. उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडलं तरी नाक झोंबतं, म्हणून अंदाजपंचे नको. बेसिनवर वाका, डोकं तिरकं करा, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत नेतीच्या (नाक धुण्याच्या, तोटीच्या) भांड्याने धार सोडा. नंतर हलकेच शिंकरा. जोर लावला तर पाणी कानाकडे जातं.

नाक मोकळं करणारे औषधी थेंब ३ दिवसांपुढे घातले, तर उलट जास्त चोंदतं. डोळ्याभोवती सूज, जोराचा ताप किंवा एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव असेल तर थेट कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा.