मोठं स्नो स्टॉर्म येतंय म्हणे, आता काय करायचं?

दर हिवाळ्यात नवीन आलेली मंडळी हेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

फोरकास्टमध्ये स्टॉर्म दिसलं की माणसं दोन प्रकारे वागतात. काहीजण दुकानाकडे धाव घेतात आणि महिनाभर कोंडून पडणार असल्यासारखी ट्रॉली भरतात, बाकीचे "बर्फच तर आहे" म्हणत फोटोची तयारी करतात. पहिल्या वर्षी मी फोटोवाल्यांत होते. नंतर कळलं की बर्फ पडत असताना घरात असाल तर फारसं काही होत नाही, पंचाईत होते ती लाइट गेल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं हातात घेतल्यावर. तेव्हा तयारी करायची ती या दोन गोष्टींची.

चार दिवस आधीचा आकडा बघून झोप उडवून घेऊ नका, तो रोज बदलतो, तापमान एखाद-दोन डिग्रीनं वर गेलं की बर्फाऐवजी नुसता पाऊस पडतो. आणि किती सेंटिमीटर यापेक्षा बर्फ ओला आहे की कोरडा आणि वारा किती हे बघा. ढोबळमानानं १० सेंटिमीटर ताजा बर्फ वितळला की १ सेंटिमीटर पाणी होतं, पण शून्याच्या आसपास पडणारा ओला बर्फ याच्या दुप्पटसुद्धा जड असू शकतो. असा बर्फ फांद्यांवर साचतो, फांद्या तारांवर पडतात आणि लाइट जातात.

सामान दोन-तीन दिवसांचं पुरे. रोजची औषधं, लहान मूल असेल तर डायपर, पिण्याचं पाणी, टॉर्च, आणि हो, गॅस नसेल तर न शिजवता खाता येईल असं काहीतरी. आदल्या संध्याकाळी जाऊ नका, तोपर्यंत ब्रेडचा रॅक रिकामा असतो आणि पार्किंगमध्ये भांडणं चालू असतात. फोन, पॉवर बँक चार्ज करून ठेवा. लाइट गेले तर फ्रिज सारखा उघडून बघायचा नाही, बंद ठेवला तर साधारण ४ तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास तग धरतो.

आता जिवावर बेतणारी गोष्ट, कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे जळणातून निघणारा विषारी वायू. वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. कोळशाची शेगडी किंवा ग्रिल घरात पेटवायची नाही, जनरेटर गॅरेजमध्ये चालवायचा नाही, दार उघडं ठेवलं तरी नाही, तो घरापासून निदान ६ मीटर लांब हवा. हीटिंगचा पाइप भिंतीतून बाहेर निघत असेल तर तो बर्फाखाली गाडला गेला नाही ना ते अधूनमधून बघा. हा वायू ओळखणाऱ्या अलार्मची बॅटरी आजच तपासा, स्टॉर्मच्या रात्री नाही.

गाडीचंही तेच. बर्फात रुतलेली गाडी सुरू करायच्या आधी मागचा एक्झॉस्ट मोकळा करा, नाहीतर धूर आत येतो. रात्री वायपर उभे करून ठेवा, म्हणजे काचेला चिकटत नाहीत. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. आणि रस्त्यात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, उडणाऱ्या बर्फात दहा पावलांवरचं दिसत नाही. तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवायचं, एक्झॉस्ट मोकळा ठेवायचा, खिडकी बोटभर उघडी.

फावड्याबद्दल मात्र सविस्तर सांगते कारण इथे मी चांगलीच फसले. पहिल्या स्टॉर्मला दोन तास घाम गाळून ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, लख्ख केला, आत येऊन चहा ठेवला, तेवढ्यात प्लाऊ (रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी) आला आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर उंचीची भिंत घालून गेला, तीही घट्ट दाबलेल्या ढेकळांची. रडूच यायचं बाकी होतं. नंतर शेजारच्या काकांनी युक्ती सांगितली: प्लाऊ ज्या बाजूनं येतो त्या बाजूला ड्राइव्हवेच्या अलीकडे रस्त्याकडेची थोडी जागा आधी मोकळी करायची, म्हणजे त्याच्या पात्यावरचा बर्फ तिथेच पडतो, आणि आपला ढीग पलीकडच्या बाजूला लावायचा. अगदी शंभर टक्के नाही पण भिंत निम्म्यावर येते.

सगळा बर्फ पडून जायची वाट बघू नका, मध्येमध्ये थोडा थोडा काढा. उचलण्यापेक्षा ढकला. एक चौरस मीटरवर ३० सेंटिमीटर ओला बर्फ म्हणजे ६० किलोच्या आसपास वजन, आणि थंडीत एकदम असली मेहनत केली की हार्ट अटॅक येऊ शकतो हे खरं आहे, घाबरवायला सांगत नाहीये. ज्यांना बीपी, हार्टचा त्रास आहे त्यांनी दुसऱ्याला पैसे देऊन करून घ्यावं, लाज कसली त्यात.

पायऱ्यांवर मीठ टाकतात ते साधारण उणे १० पर्यंतच नीट काम करतं, त्याखाली नुसतं पसरलेलं दिसतं. तेव्हा सरळ वाळू टाका, बर्फ वितळणार नाही पण पाय तरी सरकणार नाही.